काच खाणारं रसायन

मूळच्या रेणापूरच्या एक बाई रोज सुनेचा डबा घेऊन नांदेडला आमच्या प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर बसतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला दटावतात, "चपला नीट लावा की!" त्यांची सून माझ्यासोबत भौतिक रसायनशास्त्रात संशोधन करते. फ्लोरिनची काही संयुगं काच खातात, म्हणून आमची भांडी प्लास्टिकची, आणि सून आत जाताना हिरव्या काचेच्या बांगड्या उतरवते.

सुरुवातीला बाई कुरकुरल्या, "सवाष्णीचे हात मोकळे? लई वाईट दिसतंय." मग सुनेनं त्या रसायनानं खाल्लेली, दुधासारखी झालेली काचपट्टी दाखवली. बाईंनी ती उन्हात धरून पाहिली आणि बांगड्या मागून घेतल्या. तेव्हापासून सून बाहेर येईपर्यंत बांगड्या बाईंच्या पदराच्या गाठीत असायच्या.

नवरा गेल्यापासून बाईंनी बांगडी घातली नव्हती. परवा मी बाहेर आलो, तर सुनेच्या बांगड्या त्यांच्या मनगटात होत्या. त्यांनी हात लपवला नाही. "गाठीत फुटत्यात," एवढंच म्हणाल्या.

त्या संध्याकाळी सुनेनं बांगड्यांसाठी सवयीनं हात पुढं केला आणि ती थबकली.

"राहू दे माझ्याच हातात," बाई म्हणाल्या. "तुला उद्या काढायच्याच हायत न्हवं?"