‘वाचते’ असं मी लिहिलं होतं

जिला एक ओळ धड वाचता येत नव्हती, तिच्या नावापुढे मी ‘परिच्छेद वाचते’ या रकान्यात बरोबरची खूण केली. चुकून नाही, घाईतही नाही. तिला येत नाही हे मला दोन दिवस आधी कळलं होतं. तरी केली.

कर्जत तालुक्यात डोंगराकडच्या बाजूला आमची दोन शिक्षकांची शाळा आहे. मी खोपोलीहून मोटरसायकलने जातो. पहिली ते चौथी सगळी मुलं मिळून एका टेंपोत मावतील एवढी. वाचन शिकवायला मी अक्षरांची कार्डं केली होती, तीही लग्नपत्रिकांची. आमच्याकडे लगीनसराईत पत्रिकांचा ढीग पडतो. त्यांची कोरी बाजू चांगली जाड असते. ती कापायची, त्यावर स्केचपेनने मोठं अक्षर काढायचं. आधी अक्षराचा आवाज, मग आवाजांना आवाज जोडून शब्द. माळ आली की चाळ, गाळ, टाळ, बाळ. शेवटचं तेच, फक्त पहिलं कार्ड बदलायचं. माझ्या जोडीच्या बाई हसायच्या, “सर, यंदा मुहूर्त कमी आहेत. तुमची बाराखडी अडणार.”

शिक्षकांच्या बैठकीत ही कार्डं मी मांडून दाखवली होती. टाळ्या झाल्या. दुसऱ्या शाळांतले गुरुजी फोटो काढून घेऊन गेले. त्या कौतुकाची मला चटक लागली होती.

ती मुलगी चौथीत होती. सगळ्यांत चटपटीत. मी कार्ड वर केलं की तिचं उत्तर आधी. मुलं चिडवायची, “गुरुजी, हिला खाली बसवा, आमाला पन बोलू द्या!” ती मागे वळून म्हणायची, “बोल ना रं, तुझं तोंड काय मी धरलंय?”

केंद्रप्रमुख वाचन तपासायला येणार होते. त्याच्या दोन दिवस आधी कार्डांच्या डब्यातून ‘घ’चं एक जुनं कार्ड माझ्या हाती आलं. छपरातून गळलेल्या पाण्याने त्यावरचं अक्षर केव्हाच फुटलं होतं, मी त्याच्याऐवजी नवंही केलं होतं. ते टाकून देणार तेवढ्यात तिचं लक्ष गेलं.

“घ,” ती म्हणाली. “घराचा घ.”

मी कार्डाकडे पाहिलं. तिथे घ नव्हता. जांभळा डाग होता आणि सोनेरी नक्षीची कड होती.

मी फळ्यावर ‘घ’ काढला. ती फळ्याकडे बघत राहिली, मग माझ्या तोंडाकडे. मी ‘ब’ काढला. ‘ट’ काढला. ती पाय एकमेकांवर घासायला लागली. ‘म’ आणि ‘क’ तेवढे आले.

ती कधी अक्षर वाचतच नव्हती. गुलाबी कागद म्हणजे ब, गोल कापलेला कोपरा म्हणजे ट, मखमली कड म्हणजे झ. चार वर्षं ती अक्षरं नाही, गावभरच्या लग्नांच्या पत्रिका ओळखत होती. पुस्तकातले धडे वर्गाबरोबर म्हणून पाठ झाले होते, ओळीखाली बोट सरकवत ती ते घडाघडा म्हणायची. मी ऐकायचो आणि खूश व्हायचो. साधी कार्डं बदलून बघायची, एवढंही मला चार वर्षांत सुचलं नाही.

केंद्रप्रमुख आले. पिशवीतून त्यांनी स्वतःच्या शब्दपट्ट्या काढल्या, छापील, सगळ्या एकसारख्या पांढऱ्या.

“साहेब, मुलं नव्या वस्तूला बुजतात,” मी म्हणालो. “आमचीच घेऊ का?”

“अहो, घ्या ना. तुमची कार्डं तर प्रसिद्ध आहेत.”

उतारा कुठला द्यायचा तेही त्यांनी मलाच विचारलं. मी पुस्तक उघडून तिला पाठ असलेलं पान तिच्यापुढे धरलं. तिने एकही चूक केली नाही. त्यांनी टाळ्या वाजवल्या, मुलांनी वाजवल्या. तिने माझ्याकडे बघून मान डोलावली, म्हणजे गुरुजी, जमलं ना? मी हसलो. संध्याकाळी तक्ता भरला.

जूनमध्ये ती पाचवीला मोठ्या शाळेत गेली. ऑगस्टमध्ये तिथल्या वर्गशिक्षिकेचा फोन आला. तरुण बाई होत्या, बोलायला नम्र.

“सर, तुमच्या शाळेतून आलेली मुलगी काहीच वाचत नाही हो. नोंदीत तर ‘परिच्छेद वाचते’ आहे.”

त्या क्षणी सगळं सांगून टाकता आलं असतं.

“सुट्टीत विसरली असेल,” मी म्हणालो. “जरा जोर लावा. तिला येतं.”

हे वाक्य आठवलं की आजही मला जेवण जात नाही. मी नुसता सुटलो नव्हतो, सगळं तिच्यावर ढकललं होतं.

दिवाळीनंतर तिची आई तिला दंडाला धरून माझ्या शाळेत घेऊन आली. आई एका मुंबईवाल्यांच्या फार्महाऊसवर झाडलोट करते, मागच्या खोलीतच हे कुटुंब राहतं. वडील साजगावला कारखान्यात.

“गुरुजी, तुमीच सांगा हिला,” आई म्हणाली. “थितं बाई म्हनत्यात, येतं पन मुद्दाम वाचत नाय. ही म्हनतीय, मला येतच नाय. पोरं खोटारडी म्हनत्यात वर्गात. कर्जतला डॉक्टरकडं नेली, डोळं तपासलं. गावात दाखवलं, कुनाची नजर लागली म्हनून दोरा बांधला. आता काय करू?”

मुलीच्या दंडाला काळा दोरा होता. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

तेव्हाही मी खरं बोललो नाही. म्हणालो, “मी शिकवतो. शाळा सुटली की रोज येईन.” मला वाटलं, परीक्षेच्या आधी तिला वाचायला आलं की सगळंच मिटेल, बोलायची वेळच येणार नाही. पाचवीला आता वार्षिक परीक्षा पार करावी लागते, नाहीतर मूल त्याच वर्गात राहतं. माझ्या हातात चार महिने होते.

फार्महाऊसच्या मागच्या ओट्यावर आम्ही बसायचो. मी सगळी अक्षरं एकाच पांढऱ्या कागदावर, एकाच पेनने काढली. ती कागदाकडे बघायचीच नाही. माझ्या ओठांकडे बघायची, भुवयांकडे बघायची. ‘न’ म्हणता म्हणता माझा चेहरा पडला की पटकन ‘त’ म्हणायची. मी वहीआड तोंड लपवलं, तर गप्प झाली. मी पाठमोरा बसलो, तर रडायला लागली. दहा दिवसांत चार अक्षरं आली की रविवारनंतर त्यातली दोन जायची. मी घरी जाऊन बायकोवर खेकसायचो. जानेवारी संपला. माझा आवाज चढायला लागला होता आणि तो चढला की तिच्या डोळ्यांतलं उरलंसुरलंही विझायचं.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी तिने पेन्सिल खाली ठेवली.

“गुरुजी, एक इचारू?”

“विचार.”

“मला चौथीत येत व्हतं ना? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या व्हत्या. मग आता कसं गेलं? माझं डोकं बिघडलंय का?”

आई बाजूला भांडी घासत होती. तिचे हात थांबले. हा प्रश्न त्या घरात आधीही विचारला गेला असणार, हे त्या थांबण्यावरून कळलं.

मला आणखी खोटं सुचेना. मी सांगितलं. पत्रिका, तो जांभळा डाग, पांढऱ्या पट्ट्या, फोन, सगळं. “तुझं डोकं चांगलं आहे. इतके कागद लक्षात ठेवलेस तू. गेलं काहीच नाही. तुला वाचायला मी शिकवलंच नव्हतं.”

मुलगी आईला म्हणाली, “बघ. मी सांगत व्हते ना गं?”

आई उठली. राख लागलेल्या हातांनीच तिने पोरीला जवळ ओढलं. “म्या मारलं हिला,” ती म्हणाली. “तुमच्या कागदापायी मारलं. गुरुजी खोटं कशाला लिवतील, म्हनून मारलं.”

मी म्हणालो, “माफ करा, ताई.”

“मला कशाला सांगताय? शाळंत सांगा. थितं खोटारडी म्हनत्यात तिला.”

रात्रभर मी नोकरीचा विचार केला, हेही लिहून ठेवतो. चौकशी लागेल, बैठकीत लोक काय म्हणतील, याचाच विचार जास्त केला. सकाळी केंद्रप्रमुखांना त्या खोट्या नोंदीबद्दल अर्ज लिहून दिला आणि मोठ्या शाळेत गेलो. बाईंना व्हरांड्यात सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, कारण तिच्यावर ओरडल्या त्याही होत्या.

“स्टाफरूममध्ये बोलू, सर. मुलांसमोर कशाला?”

“तिला नावं मुलांसमोरच ठेवली गेली,” मी म्हणालो.

त्या वर्गाच्या दारातून बाजूला झाल्या. ती शेवटच्या बाकावर होती, एकटी. मी तिच्या बाकापाशी जाऊन उभा राहिलो. सगळा वर्ग वळून बघत होता.

“ही खोटं बोलत नव्हती,” मी मुलांना म्हणालो. “हिला वाचायला येत नव्हतं आणि ती ते खरं सांगत होती. खोटं मी लिहिलं होतं. मी हिचा गुरुजी.” मग तिच्याकडे वळलो. “बाळा, तुझं काही चुकलं नाही. माझं चुकलं. मला माफ कर.”