शालनअक्कांबरोबर घाटापर्यंत

मी साताऱ्याला भावाकडे होते. दुपारी वैशालीचा, शालनअक्कांच्या सुनेचा फोन आला. "काकू, अक्का गेल्या," एवढंच ती बोलू शकली... एसटीने सांगलीला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याला आता महिना झाला.

अक्का नदीकाठच्या आमच्या जुन्या गल्लीत दोन घरं सोडून राहायच्या. त्यांचे सासरे पूर्वी नदीवर नाव चालवायचे. महापुरात पाणी माडीला लागलं, तेव्हा बचावाच्या बोटीत चढताना माझा पाय घसरला आणि मी छातीपर्यंत पाण्यात गेले. दंडाला धरून मला वर ओढलं ते अक्कांनी. पूर ओसरला, घर धुऊन झालं, पण मला नदीकडे बघवेना. बाजाराला जायचं तरी मी लांबचा रस्ता धरायची. मुलगा म्हणाला, घर विकू, पुण्याला चल. मीही होकार देऊन बसले होते.

एका संध्याकाळी अक्का दारात आल्या, भाजीला सोबत चल म्हणाल्या. त्या दिवशी आम्ही नदीच्या बाजूला गल्लीच्या कोपऱ्यापर्यंतच गेलो. दुसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळापर्यंत, मग आणखी चार घरं पुढे. नदीचं नावही त्या काढत नसत. कुठे दोर वळणारे बसायचे, नावेची वाट बघत गुळाच्या गाड्या कुठे थांबायच्या, कुठल्या ओट्यावर सासरे दुपारची झोप काढायचे, हे सांगत चालायच्या. ऐकता ऐकता माझी पावलं पुढे पडत राहिली... पंधरा-वीस दिवसांनी समोर घाट आला आणि मी वरच्या पायरीवर बसून रडले. अक्काही शेजारी टेकल्या.

"मला बी भ्या वाटतं गं, सुमन," त्या म्हणाल्या. "पुरापास्नं हिकडं आलेच न्हाई. एकटीचं पाय उचलंनात, म्हणून तुला घिऊन आले."

त्या रात्री मी मुलाला सांगितलं, घर विकायचं नाही.

पुढची कितीतरी वर्षं आमची ती फेरी चुकली नाही. शेवटी अक्कांचे गुडघे गेले. मग त्या दारातल्या खुर्चीत बसायच्या, मी एकटी घाटावर जाऊन यायची. परतताना त्या विचारायच्या, पाणी कितव्या पायरीवर हाय? मी आकडा सांगितला की मान हलवून आत जायच्या.

साताऱ्याहून आल्यावर आठवडाभर मी घाटावर गेलेच नाही. मग एक दिवस गेले. सवयीने पायऱ्या मोजल्या. येताना अक्कांच्या दाराशी पाय आपोआप थांबले. खुर्ची आत नेलेली होती. वैशाली उंबऱ्यात उभी होती.

"सहाव्या," मी म्हणाले.

तिने मान हलवली, डोळ्यांना पदर लावला आणि मला चहाला आत बोलावलं.