मान हलवायची नाही

माझ्या दादाला डाव्या कानाने ऐकू येत नाही. लहानपणी तापात कान गेला तो गेलाच. म्हणून आम्ही घरातले सगळे त्याच्या उजव्या बाजूने चालतो, जेवायला उजवीकडे बसतो, आणि भांडायचं असलं तरी आधी वळसा घालून उजवीकडे येतो. भांडण वाया जायला नको ना!

दादाचं केस कापायचं दुकान आहे. मी तिथे टॉवेल धुते, गिऱ्हाइकांना बसवून घेते आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवते. दादा बोलतो कमी. त्याचा हात इतका हलका, की गिऱ्हाईक खुर्चीतच डुलक्या घेतं. नियम मात्र कडक. कितीही मोठा माणूस येवो, दोन बोटांनी त्याचं डोकं सरळ करणार आणि म्हणणार, "हं, मान हलवायची नाही."

त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, याच दुकानात वाढली. सारखी गुणगुणायची म्हणून मी तिचं नाव भुणभुण पाडलं. केस कापून घेताना ती डोळे मिटून बसायची. कात्री या कानाशी कचकच करायची, मागून फिरून त्या कानाशी जायची, की पोरगी खुदकन हसलीच. ते वेड काही सुटलं नाही. मोठी होऊन संगीतात शिरली, पण कसलं संगीत! गाणं नाही, गळा नाही. कात्री, कंगवा, पाण्याचा फवारा, खुर्चीची कुरकुर, सगळ्यांचे आवाज टिपायचे, कॉम्प्युटरवर ताणायचे, पिळायचे, आणि गोलात मांडलेल्या स्पीकरांतून असे फिरवायचे, की मध्ये बसलेल्याला वाटावं आवाज आपल्याभोवती चालतोय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकून मागे बघितलं, कोण आलं म्हणून. अंगावर काटा आला हो!

तिचा पहिला मोठा कार्यक्रम ठरला. हॉलच्या मधोमध दादाची खुर्ची, खुर्चीत दादा, भोवती लोक, लोकांभोवती स्पीकर. "हे सगळं बाबांचंच आहे," ती म्हणायची. मी म्हटलं, "बाई गं, त्याचा एक कान बंद आहे." तर म्हणे, "आत्या, इतक्या स्पीकरांतून काहीतरी पोचेलच."

दुपारी तालीम झाली. दादा खुर्चीत ताठ बसला. भुणभुण टेबलामागून ओरडली, "बाबा, मान हलवायची नाही हं!" घरचं वळण, दुसरं काय! आवाज सुरू झाला. कात्री माझ्या खांद्यावरून गेली, छताला लागली, पाठीमागे उतरली. मी तर टाळ्याच पिटल्या.

"छान आहे," दादा म्हणाला. "सगळं उजवीकडून येतंय."

भुणभुणचा चेहरा खर्रकन उतरला. आवाज तसाच चालू ठेवून, हेडफोन काढून ती टेबलाच्या कडेला बसली. "ज्यांच्यासाठी केलं त्यांनाच फिरलेलं कळत नसेल, तर मी वाजवणार नाही. लोकांना नाही म्हणून सांगते."

"डोकं फिरलंय का तुझं?" मी तिच्यावर ओरडले, मग दादावर. "आणि तू! जरा बघ की इकडेतिकडे! दगडासारखा काय बसलायस?"

"खुर्चीत बसल्यावर मान हलवायची नसते," दादा शांतपणे म्हणाला.

माझं टाळकंच सटकलं. खुर्चीला अशी लाथ मारली, की खुर्ची दादासकट गरकन फिरली.

"ए, थांब!" दादा ओरडला. मला वाटलं, झालं, आता माझी धडगत नाही. पण त्याचे डोळे विस्फारले होते. "कात्री आत्ता लांब गेली. परत जवळ आली. अगं, फिरव, पुन्हा फिरव!"

भुणभुण ताडकन उठली. कात्रीचा आवाज तिने एकाच स्पीकरवर जागच्या जागी धरून ठेवला आणि मी खुर्ची हळूहळू फिरवू लागले. दादाने डोळे मिटून बोट उचललं. "तिथे." बरोब्बर! आवाज दुसऱ्या स्पीकरवर टाकला. खुर्ची फिरली. "आता तिथे." पुन्हा बरोबर! मी आनंदाने किंचाळले, भुणभुण हसता हसता रडायला लागली.

संध्याकाळी तिने बेतच पालटला. आवाज थांबलेले, माणसं फिरणारी. दादाची खुर्ची मी फिरवत होते, आणि ते बघून लोकही उठले, गिरक्या घेत स्वतःच कात्री शोधू लागले. नुसता कल्ला! शेवटी सगळे आवाज विरले आणि एका कोपऱ्यातून भुणभुणचं गुणगुणणं तेवढं उरलं. दादा फिरता फिरता तिच्याकडे तोंड करून थांबला. मी ढकललं, तरी पाय रोवून बसला.

घरी निघालो. भुणभुण सवयीने वळसा घालून त्याच्या उजवीकडे आली. दादाने तिचा दंड धरून तिला डावीकडे घेतलं.

"बाबा, इकडून तुम्हाला ऐकू येणार नाही."

"तू बोल गं," दादा म्हणाला. "मी मान वळवेन."