डाउट आणि माझा कॉल

डाउटचा कुठल्याही पिचवर विश्वास नव्हता. उल्हासनगरच्या कॉलेजात आम्ही काथ्याच्या मॅटिंगवर क्रिकेट खेळायचो. मॅचआधी हा मॅटिंगच्या कडेनं उकिडवा सरकत एकेक खिळा ओढून बघायचा. समोरच्यांनी एक टोक मुद्दाम ढिलं ठोकलं असणार, अशी त्याची खात्री. आमचा सिंधी कॅप्टन वैतागायचा, "साईं, खेलने आया है के इन्क्वायरी करने?" त्यानंच हे नाव ठेवलं. पुढे हा फौजेत कर्नल झाला, पण आमच्यात डाउटच राहिला.

हा संशय घरचाच. वडील अंबरनाथला कारखान्यात होते. "आपल्याला सरळ हातानं कुणी काही देत नाही. दिलं तर उलटून बघ," असं ते पोराला सांगत, आणि त्यांनी जे भोगलं होतं ते पाहता त्यात चूक काही नव्हतं. युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये डाउटची निवड झाली तेव्हा मी पेढे घेऊन गेलो. त्यानं पेढा बाजूला ठेवला, मुंबईला जाऊन बोर्डावर स्वतःचं नाव वाचून आला आणि मग खाल्ला. तोवर पेढ्याचा खडा झाला होता.

ओपनिंगला आम्ही दोघं जायचो. बॅट्समनच्या पाठीमागे गेलेला बॉल त्याला दिसत नाही. समोरच्या टोकाचा जोडीदार 'येस' किंवा 'नो' असा कॉल देतो आणि त्यावर विश्वास ठेवून धावायचं असतं. डाउट माझ्या 'येस'वर कधी धावला नाही. "थांब, बघू दे," म्हणून वळून बघायचा. तोवर मी अर्ध्या पिचवर. माझ्या नावावर जेवढे रनआउट आहेत ते सगळे त्याचे. भांडलो की शांतपणे म्हणायचा, "तुझ्यावर संशय नाही रे. तुझ्या नजरेवर आहे." मला तेव्हाही चष्मा नव्हता, आजही नाही.

फौजेत मात्र हाच गुण कामी आला. त्यानं ते एकदाच सांगितलं. सीमेकडच्या एका रस्त्यावर ओढ्याच्या मोरीवरची माती त्याला जरा जास्तच नीटनेटकी वाटली. गाडी थांबवून तो एकटा पायी पुढे गेला. खाली सुरुंग होता. गाडीतली सगळी पोरं जिवंत घरी गेली. "बघितलं म्हणून," एवढंच तो म्हणाला. त्यानंतर त्याच्या संशयाची थट्टा करायला माझी जीभ रेटेना.

निवृत्त होऊन त्यानं बदलापूरला खरवईत फ्लॅट घेतला आणि सोसायटीच्या मागे साडेसाती लागली. टँकरच्या पाण्याचा वास घे, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यालाच आधी तिच्यातून वर पाठव, वॉचमनला रोज नव्यानं नाव विचार. वहिनी म्हणायच्या, "भावजी, लग्न झाल्यापासून चहाचा पहिला घोट मीच घेतेय."

मग डोळ्यांचं निघालं. कडेचं दिसेनासं झालं होतं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, रोज थेंब घाला म्हणाले. डाउटला वाटलं, यांना ऑपरेशन गळ्यात मारायचंय. दुसरा डॉक्टर झाला, तिसरा झाला. त्याच्या मते सगळे आतून मिळालेले. थेंबांची बाटली सीलबंदच राहिली. मी भांडलो, वहिनी रडल्या. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, हे त्याला पटलं तेव्हा उजेड-अंधारापलीकडे काही उरलं नव्हतं. मोरीखालचा सुरुंग ज्याला कळला त्याला हे कळू नये, याचा मला अजून राग येतो.

आता संध्याकाळी मी विठ्ठलवाडीहून येतो आणि त्याला बदलापूर गावापर्यंत फिरवून आणतो. खरी पंचाईत रस्ता ओलांडताना. हात धरू देत नाही. मी "चल" म्हणालो की काठी टेकून, कान टवकारून उभा. "डंपर येतोय." नसतो. "बाईक आहे." नसते. गेल्या आठवड्यात रस्ता अगदी मोकळा होता, तरी हा हलेना. वैतागून माझ्या तोंडून कॉलेजातल्यासारखं निघालं, "येस!"

डाउट निघाला. बघू दे म्हणाला नाही, मान वळवली नाही. काठी बॅटसारखी पुढे धरून साठी उलटलेला माणूस चक्क धावला. मी मागून. पलीकडे पोचल्यावर धापा टाकत उभा राहिला.

त्यानं चेहरा माझ्या दिशेला केला.

"दुसरा रन आहे का रे?"

मागून टँकर येत होता. "नो," मी म्हणालो. तो जागच्या जागी थांबला.