गेस्टचा पहिला नंबर

"पेलुं टॅब लूछी नाख, बेटा." गणिताच्या मॅडम पुढच्या बाकावरच्या मुलीला गुजरातीत म्हणाल्या. टॅब आत्ताच माझ्या हातातून घेतलेला. तिने सॅनिटायझर मारून तो पुसला, कडा सुद्धा. बाकी कुणाचा टॅब कधी पुसला नाही. अजून तो वास आला की मी हात मागे घेते.

मांजलपूरची खाजगी शाळा. मी सातवीत. वर्गात आम्ही सहाजणं सरकारी कोट्यातली, बिनफीची. गणित व्हिडिओ गेमवर शिकवायचे. फीवाल्या प्रत्येकाचं गेममध्ये स्वतःचं नाव. आम्हा सहांना मिळून एकच टॅब आणि एकच नाव, गेस्ट. पहिलीपासून त्याच शाळेत, आणि गेस्ट! पाहुणे डोंबलाचे.

खेळ अपूर्णांकांचा. फळीचे तुकडे जोडून पूल बांधायचा, चुकलं की बाहुली पाण्यात. पप्पा गोरव्याला कारखान्यात लेथवर. त्यांच्याकडे माप सुतात, आठ सूत म्हणजे एक इंच. पाव आणि एक अष्टमांश? तीन सूत. हे मी जेवताजेवता शिकलेली. बाकीची पोरं बाहुल्या बुडवत बसायची, मी कधीच पलीकडे.

शुक्रवारी पडद्यावर निकाल लागला. पहिला नंबर, गेस्ट.

फीवाल्या पालकांचे फोन आले. सोमवारी मॅडमनी सगळ्यांसमोर गेस्टचं नाव काढून टाकलं.

"छ जणाए मळीने चीटिंग करी."

सहा जणांनी मिळून म्हणे! टॅब एक, खेळणारे हात फक्त माझे. मग मॅडमनी दोन बोटांत टॅब धरून माझ्यापुढे केला. "चल, सबके सामने खेलके दिखा."

हात पुढे गेला होता माझा. खोटं कशाला बोलू? मग ती दोन बोटं दिसली.

"पहेलां मारुं नाम लखो," मी म्हटलं. आधी माझं नाव लिहा.

पप्पांना बोलावलं. अर्धी पाळी सोडून आले, कामाच्याच कपड्यात. मॅडमनी खुर्चीवर बसवलं नाही. पप्पांनी हात जोडले, "मॅडम, माफ करी दो, नानी छे." लहान आहे, माफ करा. मला सगळ्यांचीच किळस आली, पप्पांचीही. मी त्यांचे जोडलेले हात धरून खाली ओढले. "पप्पा, मी काही केलं नाही."

गेममध्ये माझं नाव घातलं नाही मॅडमनी. मीही खेळले नाही. वर्षभर त्या तासाला हाताची घडी घालून बसले. गेमचे वीस मार्क शून्य.

आता कॉलेजात आहे. इथेही प्रोजेक्टच्या वेळी बाकीचे सांगतात, काम तू कर, नावाचं नंतर बघू. नंतर नाही. नाव आधी. जमत नसेल तर तुमचं गणित तुम्ही सोडवा.