रविकांत जगदाळेचा परवाना

रविकांत जगदाळेनं चुलतभावाचा हात मोडला होता. हे आधीच सांगून टाकतो, नंतर कुणी नाक मुरडायला नको.

माणूस खटावचा. सतरा वर्षं पलटणीत, त्यानंतर इथं कुवेतमध्ये एका गोदामाचा रखवालदार. जलीबला सहा जणांच्या खोलीत त्याचा पलंग दाराजवळचा, पण चादरीला सुरकुती सापडणार नाही. २०१४ साली सुट्टीवर गेला, विहिरीच्या मोटारीवरून भांडण झालं, आणि यानं काठी घातली. तीन वर्षं तारखा. वकील म्हणत होता, नाकबूल म्हणा, साक्षीदार फुटतील. हा कोर्टात उभा राहिला आणि म्हणाला, "मारलं तर मारलं म्हनायचं. हो, मारलं."

तीन महिने शिक्षा झाली. सहा महिन्यांच्या आत परतला म्हणून इकामा, म्हणजे इथं राहायचा कागद, वाचला. पण गावाकडं त्याच्या बाराबोरचा परवाना रद्द झाला आणि बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. खरं बोललं की परवाना जातो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता गोदाम बंद होतंय. जूनमध्ये रविकांत कायमचा घरी. साताऱ्यात एटीएमच्या गाडीवर गनमनची जागा त्याच्यासाठी धरून ठेवलीय, अट एकच: बंदूक स्वतःची, परवाना स्वतःचा. नाहीतर बावन्नाव्या वर्षी पुन्हा काठी आणि शिट्टी.

मी त्याचा इथला मित्र, नववी नापास, पण कायदा वाचतो. मारहाणीची शिक्षा भोगून झाल्यावर पाच वर्षं परवाना मिळत नाही, त्यानंतर मागता येतो. पाच कधीच उलटून गेली होती. अर्ज मी लिहिला. कलेक्टर कचेरीनं कळवलं, तेरा वर्षं कुवेतला आहात, तर तिथं ओळखणाऱ्या जबाबदार भारतीयाचं वर्तणुकीचं पत्र दूतावासाच्या शिक्क्यासह पाठवा.

मी म्हटलं, सोपं आहे. आपल्या इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष देवेंद्र साहेब. बँकेत मोठे, सलवाच्या श्रीमंत वस्तीत राहतात. नऊ गणपती रविकांतनं त्यांच्या गेटवर उभं राहून काढले, यांच्या गाड्या लावत.

साहेबांनी कागद दोन बोटांनी धरला.

"बंदूक? अहो, इथं असल्या कागदावर सही म्हणजे... माझ्या सिव्हिल आयडीचा प्रश्न आहे."

"बंदूक साताऱ्यात आहे, साहेब. सही फक्त माणूस कसा आहे त्याची."

"माणूस चांगलाच आहे. पण कन्व्हिक्शन आहे ना!" मग एकदम उजळले. "असं करू. शुक्रवारी खैरानला समुद्रकाठच्या शॅलेवर शिवजयंती आहे. जगदाळे, तुम्ही ब्लेझर, मेडल्स घालून दारात उभे राहा. बंदूक आम्ही देतो, लाकडाची. नंतर बघू सहीचं."

मी उठलोच होतो. रविकांतनं माझी बाही ओढली. "राहू द्या. उभं राहायची सवय हाय मला."

चार तास उभा राहिला. लोक पाव-भाजीचे हात पुसून त्याच्या शेजारी फोटो काढत होते. एका पोरीनं विचारलं, "अंकल, हॅव यू किल्ड एनीवन?" आई खुदकन हसली. पोरीला हटकायचं कुणाला सुचलं नाही.

रविवारी पत्र मिळालं. दोनच ओळी: 'सदर इसमास सामाजिक कार्यक्रमांपुरते ओळखतो. त्याच्या वर्तणुकीबाबत मत देऊ शकत नाही.' खाली झोकदार सही.

रविकांतनं ते घडी घालून साहेबांच्या टेबलावर परत ठेवलं. म्हणाला, "हे तुमचं. कामी येईल कधीतरी."

बाहेर आलो तर माझ्या तोंडून फक्त शिव्या. चित्राताईंना फोन केला, सरकारी दवाखान्यात सिस्टर आहेत, परभणीच्या. रविकांतच्या खोलीतला एक जण त्यांच्या वॉर्डात दीड महिना होता. ड्यूटी संपली की हा रोज तिथं जाऊन त्याची दाढी करायचा. मी त्यांच्यापुढं साहेबांच्या नावानं खडे फोडत होतो, तर त्या मध्येच म्हणाल्या,

"थांबा. मला काहून नाही विचारलं?"

"ताई, म्हटलं मोठ्या माणसाची सही..."

"सोळा वर्षं सरकारी नोकरी करते मी. शिक्का हाय, रजिस्ट्रेशन हाय. का सिस्टरची सही जबाबदार नसते?"

आयुष्यभर साहेबांविरुद्ध बोंबललो, आणि सही हवी तेव्हा पाय आपसूक सलवाकडंच वळले. त्या दिवशी साहेबांपेक्षा माझीच मला जास्त किळस आली.

ताईंनी पानभर लिहिलं. हात मोडल्याचंसुद्धा लिहिलं, आणि दाढीचंही. दूतावासाचा शिक्का बसला, कागद गेला. एप्रिलच्या शेवटी आदेश आला: परवाना पूर्ववत.

तासाभरात मंडळाच्या ग्रुपवर झळकलं: 'आपल्या मंडळाच्या अथक प्रयत्नांना यश! माजी सैनिक श्री. जगदाळे यांचे अभिनंदन.' खाली साहेबांचा फोटो. टाळ्यांचा पाऊस.

रविकांतनं वाचलं आणि फोन माझ्या हातात दिला.

"ह्यातनं बाहेर कसं पडायचं, दाखवा."

दाखवलं. मग मीही पडलो.