पानाच्या आतली बुरशी

आमची ही एका प्रयोगशाळेत पानं धुते. लोक हसतात, हसोत बापडे. बावीस वर्षं हेच चाललंय. पान आधी पाण्याने, मग स्पिरिटने, मग पुन्हा तीनदा पाण्याने धुवायचं, म्हणजे वरचं सगळं मरतं. मग नखाएवढे तुकडे काचेच्या बशीत ठेवायचे. आठवड्याभरात पानाच्या आत राहणारी बुरशी बाहेर डोकावते. शेवटच्या धुण्याचं पाणीही ती वेगळ्या बशीत ओतते. त्यातही काही उगवलं तर बुरशी बाहेरची. सगळं फेकायचं, पुन्हा पहिल्यापासून. साहेब रजेवर असले तरी फेकते. इतकी हट्टी बाई मी दुसरी पाहिली नाही.

यंदा तिने आमच्या गॅलरीतली कुंडीही सोडली नाही. आणि नेमकी तिथल्याच पानांतून एक करडी बुरशी निघाली. तिच्या अर्काने पिष्टाची, म्हणजे पिठाळ अन्नाची, साखर होणं मंदावतं, असं परीक्षानळीत दिसलं. यातून मधुमेहावर औषध होऊ शकतं, असं हिने घरी कौतुकाने सांगितलं आणि तिथेच घोळ झाला.

ऐकायला सासूबाई होत्या. आमच्याकडेच राहतात, वय पंच्याहत्तर, दोन वेळा इन्सुलिन, सुई स्वतःच टोचून घेतात. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सुई गुपचूप बंद केली आणि कुंडीतली पानं चावायला लागल्या. आठव्या दिवशी साखर साडेचारशे, डोळ्यांपुढे अंधारी. तीन दिवस दवाखान्यात माझा जीव टांगणीला लागला होता. रागही आला, म्हातारीचा नाही, हिचा. कशाला सांगायचं घरी?

घरी आल्यावरही सासूबाई हटून बसल्या. पानं कमी पडली असतील, म्हणाल्या. लेकीने शोधलेलं असताना परक्याचं कशाला घ्यायचं?

ही शांतपणे समजावत बसली. नळीत चाललं ते पोटात चालेलच असं नाही, आधी उंदीर, मग माणसं, बहुतेक अर्क वाटेतच बाद होतात. सासूबाई नुसत्या मान डोलावत होत्या.

"पण होईल ना औषध?"

"झालंच तर पंधरा-वीस वर्षांनी."

"मग थांबते की."

हिने सुई पुढे केली. "आई, तेव्हा तू नसशील. माझ्या शोधातलं तुला काहीच मिळणार नाही. तुला जगवेल ती ही सुईच."

इतकं तोंडावर बोललेलं मला अजिबात आवडलं नाही. पण खोटं तिला जमतच नाही.  सासूबाईंनी पोटावरचा कपडा बाजूला केला आणि कातडी चिमटीत धरली.

"मग आजपासून तू टोच," त्या म्हणाल्या. "तुझ्या हातचं काहीतरी मिळू दे मला."